तेविसाव्या सर्गातला पंच

‘इलियड’चा तेविसावा सर्ग पुष्कळ वाचक भराभर उलटतात. बाविसाव्यात हेक्टर पडलेला असतो, चोविसाव्यात त्याचा म्हातारा बाप प्रायम मुलाचं प्रेत मागायला थेट अकिलीजच्या राहुटीत शिरणार असतो, आणि मधेच हा खेळांचा सर्ग येतो. पॅट्रोक्लसची चिता विझते, लोक पांगायला लागतात, तर अकिलीज त्यांना थांबवून घेतो. आपल्या जहाजांमधून बक्षिसं आणून मैदानात मांडतो आणि गेलेल्या मित्राच्या नावानं आठ स्पर्धा लावतो: रथांची शर्यत, मुष्टियुद्ध, कुस्ती, धावणं, शस्त्रांची झुंज, लोखंडाचा गोळा फेकणं, तिरंदाजी आणि भालाफेक. ग्रीक खेळांचं इतकं जुनं आणि इतकं सविस्तर वर्णन दुसरं नाही. तरी मी या सर्गाकडे पुन्हा पुन्हा वळते ते त्यातल्या निवाड्यांसाठी. कोण जिंकलं हे होमर चार ओळींत सांगून मोकळा होतो. त्याचं मन रमतं ते त्यापुढं. हरलेल्याला काय द्यायचं? उत्तम असूनही ज्याचं नशीब फिरलं, त्याला काय? वयामुळं जो मैदानात उतरूच शकत नाही, त्याचा मान कसा राखायचा? आणि हे ठरवायचं कुणी?

या स्पर्धांच्या वर्णनातल्या निम्म्याहून अधिक ओळी एकट्या रथशर्यतीनं घेतल्या आहेत. डायोमिडीज, युमेलस, मेनेलाउस, अँटिलोकस आणि मेरिओनीज यांचे पाच रथ आहेत आणि बक्षिसंही पाचच आहेत. पहिल्याला हातकाम जाणणारी एक स्त्री आणि तीन पायांचं मोठं पातेलं, दुसऱ्याला सहा वर्षांची गाभण घोडी, तिसऱ्याला नवं कोरं पातेलं, चौथ्याला दोन टॅलंट सोनं, पाचव्याला दोन कानांचं भांडं. सगळं आधीच सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडलेलं आहे. अकिलीज स्वतः उतरत नाही. आपले घोडे अमर आहेत, उतरलो असतो तर पहिलं बक्षीस आपलंच होतं, हे तो सांगतो. पण ते घोडे आज माना खाली घालून उभे आहेत, त्यांची आयाळ जमिनीवर लोळते आहे, कारण पाण्यानं धुऊन त्या आयाळीला तेल लावणारा पॅट्रोक्लस आता नाही. खेळ सुरू होण्याआधी होमरनं हे एवढंच दाखवलं आहे आणि ते पुरतं.

मग म्हातारा नेस्टर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, बाजूला घेतो. पोरा, तुझे घोडे सगळ्यांत मंद आहेत, तेव्हा डोकं चालव. लांब एक वाळलेला खुंट आहे, ओक किंवा पाइनचा, पुरुषभर उंच, पावसानं न कुजलेला. त्याच्या दोन बाजूंना दोन पांढरे दगड आहेत. तिथून वळायचं. अंग किंचित डावीकडं झुकव, उजव्या घोड्याला हाक मारून लगाम सैल सोड, डावा घोडा खुंटाला इतका लगटून जाऊ दे की चाकाचा तुंबा घासतो आहे असं वाटावं. पण दगडाला शिवू नकोस. बोलता बोलता म्हातारा असंही म्हणून जातो की हा खुंट कुणा जुन्या मेलेल्या माणसाची खूण असेल, नाहीतर आधीच्या लोकांनी शर्यतीसाठीच रोवला असेल. ज्या वळणावर जिंकायचं ते कदाचित कुणाचं तरी थडगं आहे, आणि एका थडग्यापासूनच ही शर्यत निघाली आहे. होमर यावर एक अक्षर जास्त बोलत नाही.

गंमत पुढं आहे. इतका बारकाईनं शिकवलेला तो वळसा होमर आपल्याला दाखवतच नाही. रथ सुटतात, धूळ उठते आणि आपण बघतो तर ते परतीच्या वाटेवर आहेत. अपोलो डायोमिडीजच्या हातातला चाबूक उडवतो, अथीना तो त्याला परत देते आणि शिवाय युमेलसच्या रथाचं जू मोडून टाकते. सगळ्यांत चांगला सारथी धुळीत तोंडावर आपटतो. आणि अँटिलोकस? हिवाळ्याच्या पाण्यानं वाट खचून जिथं अरुंद झाली आहे, नेमका तिथं तो मेनेलाउसच्या बाजूला घुसतो. मेनेलाउस ओरडतो, अरे वेडा आहेस का, पुढं रुंद वाट आहे. पोरगा ऐकू न आल्यासारखं करून आणखी जोरात हाकतो. टक्कर नको म्हणून मेनेलाउस लगाम खेचतो आणि मागं पडतो. बापानं शिकवलं होतं कौशल्य आणि मुलानं वापरली दांडगाई. हा फरक होमर शब्दानं सांगत नाही, वळणाची हकीकत गाळून सांगतो. मला हे फार मोठ्या कवीचं काम वाटतं.

आपल्याकडं ज्यांनी बैलगाडा शर्यत पाहिली आहे त्यांना हा भाग वाचताना कुठलीच टीप लागणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत, सातारा-सांगलीच्या मैदानांत, विदर्भातल्या शंकरपटात जनावरांची नावं माणसांइतकीच तोंडी असतात. होमरही मेनेलाउसच्या जोडीतल्या घोड्याचं आणि घोडीचं नाव सांगतो, पोडार्गस आणि एथी, आणि घोडी भावाची, आगामेम्नॉनची आहे हेसुद्धा. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये बंद केलेल्या आपल्या शर्यती 2021 च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. त्या सगळ्या वादात जनावराच्या हालांचा प्रश्न होता, आणि तो खराच आहे. अँटिलोकस आपल्या घोड्यांना धमकावतो की हरलात तर नेस्टर तुम्हाला कापून टाकील. या धमकीचं होमर कौतुक करत नाही, पण ती झाकूनही ठेवत नाही.

मी राहते त्या दुबईत अल-मरमूमच्या मैदानावर उंट धावतात. लहान मुलांना उंटावर बसवायची रीत अमिरातीनं 2005 मध्ये बंद पाडल्यापासून पाठीवर छोटा यंत्रस्वार असतो आणि मालक शेजारच्या रस्त्यानं गाडीतून जाताना त्याला हुकूम देतो. मान मालकाचा. ऑलिंपियातही रथशर्यतीचा मुकुट हाकणाऱ्याच्या डोक्यावर जात नसे, रथाच्या मालकाला मिळे. म्हणून तर इसवी सनापूर्वी 396 आणि 392 मध्ये स्पार्टाच्या किनिस्का या राजकन्येला स्वतः रथात न चढता तो मिळवता आला. होमरच्या मैदानात मात्र राजेच रथ हाकतात आणि राजेच धूळ खातात.

शर्यत संपते आणि खरा सर्ग सुरू होतो. डायोमिडीज पहिला, अँटिलोकस दुसरा, मेनेलाउस तिसरा. मेनेलाउस किती मागं होता हे सांगायला होमर घोड्याच्या शेपटीचे केस घेतो, जे रथ ओढताना चाकाच्या धावेला घासत राहतात. तेवढंच अंतर. मेरिओनीज चौथा. युमेलस शेवटी, मोडका रथ ओढत, घोडे पुढं हाकत. त्याला पाहून अकिलीजला वाईट वाटतं. सगळ्यांत चांगला माणूस शेवटी आला, तेव्हा दुसरं बक्षीस त्याला देऊ या, असं तो सुचवतो. लोक होकार भरतात. अँटिलोकस ताडकन उभा राहतो: त्याची दया येत असेल तर तुझ्या राहुटीत सोनं आहे, कांस्य आहे, त्यातून दे, पण ही घोडी मी सोडणार नाही, हवी असेल त्यानं माझ्याशी दोन हात करावेत.

पहिल्या सर्गात असंच एक भांडण झालं होतं. मिळालेला मान भर सभेत हिरावून घेतला म्हणून अकिलीज पेटला होता आणि त्या रागात हजारो माणसं मेली. आता तोच अकिलीज बक्षीस वाटणारा आहे आणि समोरचा पोरगा हुबेहूब त्याचीच भाषा बोलतो आहे. अकिलीज काय करतो? हसतो. संपूर्ण ‘इलियड’मध्ये तो एवढ्या एकाच वेळी हसतो. आणि म्हणतो, बरोबर आहे तुझं. युमेलसला तो आपल्या जवळचं, लढाईत मिळवलेलं छातीचं चिलखत देऊन टाकतो. कुणाचंही काही कमी न करता एकाचा मान वाढतो.

तेवढ्यात मेनेलाउस उठतो. त्याची तक्रार वेगळी आहे आणि तीही खरी आहे. तो अँटिलोकसला म्हणतो, घोड्यांपुढं उभा राहा, चाबूक हातात धर, घोड्यांना हात लाव आणि पोसायडनची शपथ घेऊन सांग की मुद्दाम माझी वाट अडवली नाहीस. आता पोसायडन हा घोड्यांचा देव तर आहेच, शिवाय तो अँटिलोकसचा पणजोबा आहे: पोसायडनचा मुलगा नेलेउस, त्याचा नेस्टर, त्याचा हा. पणजोबाची खोटी शपथ घ्यायची पोराची छाती होत नाही. तो म्हणतो, मी तुझ्याहून लहान आहे, तरुणांची बुद्धी उतावीळ असते, ही घे घोडी. आणि स्वतः ती मेनेलाउसच्या हाती देतो. मेनेलाउसचं मन निवळतं. इथं होमरला उभ्या पिकाच्या कणसांवरचं दव आठवतं. मेनेलाउस घोडी परत करतो. माझी आहे हे सगळ्यांसमोर ठरलं, आता मी तुला देतो, असा त्याचा भाव. वस्तू होती तिथंच राहिली, पण तिघांचा मान जागच्या जागी बसला. आजच्या मैदानात वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा चित्रं पाहून पंच जे ठरवतात, ते काय घडलं एवढंच असतं. होमरच्या मैदानातही खुंटापाशी खरं काय ते सांगायला वृद्ध फीनिक्सला बसवलेलं होतं. पण या भांडणात त्याला कुणी हाक मारत नाही. प्रश्न मनातल्या हेतूचा आहे आणि त्याला साक्षीदार स्वतः अँटिलोकसच.

पाचवं बक्षीस उरलं, कारण युमेलसला वेगळं मिळालं. अकिलीज ते भांडं उचलतो, गर्दीतून चालत नेस्टरपाशी जातो आणि त्याच्या हातात ठेवतो. तुला आता मुष्टियुद्ध नाही, कुस्ती नाही, धावणं नाही. हे पॅट्रोक्लसची आठवण म्हणून ठेव. म्हातारा खूश होऊन तरुणपणच्या स्पर्धांची लांबलचक कहाणी सुरू करतो आणि अकिलीज ती पूर्ण ऐकून घेतो.

ऑलिंपिया या सगळ्यापासून फार दूर आहे. परंपरा इसवी सनापूर्वी 776 हे पहिलं वर्ष धरते. तिथं ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट एकालाच. दुसरा नाही, तिसरा नाही. पिंडर या कवीनं इसवी सनापूर्वी 446 मध्ये एजायनाच्या एका मल्लासाठी रचलेल्या स्तोत्रात हरलेल्यांचं वर्णन आहे. शत्रूंची नजर चुकवत, गल्लीबोळांतून, आपल्या आईकडं परतणारी ती पोरं. त्यांच्यासाठी घरी कुणी हसलं नाही, असं तो जिंकलेल्याच्या गौरवात लिहितो. 1896 मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरलं तेव्हा नाव ऑलिंपियाचं घेतलं, पण पहिल्याला रुप्याचं आणि दुसऱ्याला तांब्याचं पदक दिलं. 1904 पासून सोनं, रुपं आणि कांस्य अशी तीन झाली. दुसऱ्या-तिसऱ्याला मान द्यायची ही रीत ऑलिंपियाची नाही. ती ट्रॉयच्या किनाऱ्यावरच्या या मैदानाशी जुळते.

मराठी माणसाला हे समजायला एक नाव पुरे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 मध्ये लंडनला ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी फ्री स्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सोव्हिएत मल्ल रशीद मामदबेयोव याच्याशी त्यांना पुरेशी विश्रांती न देता उतरवलं, नियमातला अर्धा तास मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, ही हकीकत आमच्याकडं आजही सांगतात. गावी परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ऑलिंपियात खाशाबा रिकाम्या हातानं, गल्लीबोळांतून परतले असते. कराडच्या लोकांनी त्यांना भर रस्त्यानं आणलं. त्याआधी 1920 मध्ये अँटवर्पला रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले होते. होमरच्या रथशर्यतीत चौथ्या मेरिओनीजला दोन टॅलंट सोनं मिळतं. शिंद्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

आम्ही अल बर्शात राहतो. मागच्या हिवाळ्यात माझे सासरे, अण्णा, कराडहून आले होते, तेव्हा संध्याकाळी त्यांना पॉन्ड पार्कात फिरायला नेत असे. तळ्याभोवती शेकडो माणसं पळत असतात, बहुतेकांच्या मनगटावर पावलं आणि ठोके मोजणारं घड्याळ. अण्णांना पळणाऱ्यांचं काही नव्हतं. दुबईत डेरा भागात पंजाबी आणि पाकिस्तानी मल्ल अनेक वर्षं शुक्रवारी वाळूत कुस्त्या करत, हे मी सांगितल्यावर मात्र त्यांनी माती कसली, पाणी मारत होते का, हे सगळं विचारून घेतलं. आयुष्यभर कराडच्या आसपासचे जत्रेतले फड त्यांनी अंगावर माती उडेल इतक्या जवळून पाहिलेले. म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना तेविसाव्या सर्गातली कुस्ती सांगायला घेतली.

एजॅक्स आणि ओडिसियस उठतात. बक्षीस मांडलेलं आहे: जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या किमतीचं तिपाई पातेलं, हरणाऱ्याला चार बैलांच्या किमतीची एक बाई.

“वजनं काय हुती गं दोघांची?”

वजनावर जोड लावत नसत, जो उठेल तो, असं मी सांगितलं. एजॅक्स सगळ्या सैन्यात धिप्पाड.

“मग हलक्यानं पायातच शिराय पायजे.”

मी अजून पुढचं सांगितलेलं नव्हतं. वाऱ्याला दाद न देणाऱ्या उंच घराचे वासे सुतारानं एकमेकांत बसवावेत तसं होमर दोघांना एकमेकांत अडकवतो. पाठी करकरतात, घाम वाहतो, बरगड्यांवर रक्ताळलेले वळ उठतात. बराच वेळ कुणीच हलत नाही, लोक कंटाळतात. मग एजॅक्स म्हणतो, तू मला उचल नाहीतर मी तुला. उचलताना ओडिसियस मागून त्याच्या गुडघ्याच्या लवणीत लाथ मारतो. एजॅक्स पाठीवर, ओडिसियस त्याच्या छातीवर. दुसऱ्या वेळी ओडिसियस उचलायला जातो, पण तो डोंगर जेमतेम हलतो. तेव्हा तो गुडघा अडकवतो आणि दोघे शेजारी शेजारी पडतात, मातीनं माखून. ते तिसऱ्यांदा उठतात तोच अकिलीज मधे पडतो. पुरे. दोघेही जिंकलात. सारखं बक्षीस घ्या.

“जाणता पंच हुता,” अण्णा म्हणाले. “तिसऱ्या खेपंला कायतरी मोडलं असतं.” आणि मग, “बरोबरीत सोडवली की इनाम निम्मं निम्मं करत्यात. पैशाचं जमतंय. त्या बाईचं काय केलं?”

होमर सांगत नाही. बारा बैलांचं पातेलं आणि चार बैलांची बाई यांची सारखी वाटणी कशी होते, यावर काव्यात एक शब्दही नाही. दोघे माती झटकतात, अंगरखे घालतात आणि पुढची स्पर्धा सुरू होते. त्या बाईला नाव नाही. रथशर्यतीतल्या पहिल्या बक्षिसातल्या स्त्रीलाही नाही. मेनेलाउसच्या घोडीला आहे. ज्या मैदानात इतक्या जणांचा मान इतक्या नाजूकपणे तोलला जातो, तिथं या दोघी तागडीत वजनासारख्या पडून आहेत. ज्या काव्यातल्या न्यायबुद्धीवर माझा जीव जडला आहे, त्या न्यायबुद्धीची हद्द इथं दिसते. प्रेम आहे म्हणून ती झाकावी असं मला वाटत नाही. अण्णांना ती एका प्रश्नात दिसली.

या बरोबरीत आणखी एक गोष्ट आहे, जी होमरच्या श्रोत्यांना ठाऊक होती. अकिलीज मेल्यावर त्याच्या शस्त्रांसाठी याच दोघांत झगडा होणार आहे. निकाल ओडिसियसच्या बाजूनं लागेल आणि अपमान सहन न होऊन एजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडेल. बरोबरीत सोडवणारा पंच तेव्हा जिवंत नसेल.

उरलेल्या स्पर्धा होमर झपाट्यानं उरकतो, पण प्रत्येकीत एक तरी माणूस नीट दिसतो. एपिउस नावाचा मुष्टियोद्धा उभा राहून सांगतो की लढाईत मी कमी पडतो, सगळ्यांना सगळं येत नसतं, पण या खेळात माझ्यासमोर येईल त्याची हाडं मोडीन. आणि एका ठोशात समोरच्याला लोळवल्यावर हाच बढाईखोर दोन्ही हातांनी त्याला उचलून उभं करतो. लाकडी घोडा पुढं बांधणारा तो हाच. धावण्याच्या शर्यतीत लोक्रिसचा धाकटा एजॅक्स शेणावर घसरून तोंडावर पडतो, तोंडात शेण जातं, सगळे हसतात, तो बैलाचं शिंग धरून थुंकत तक्रार करतो. शोकाच्या दिवशी सैन्य पोट धरून हसतं आहे. लोखंडाच्या गोळ्याचं बक्षीस म्हणजे तो गोळाच. जिंकणाऱ्याच्या शेतावर त्यातून पाच वर्षं औतफाट्याला लोखंड पुरेल, असा हिशेब अकिलीज सांगतो. शस्त्रांच्या झुंजीत डायोमिडीजचा भाला थोरल्या एजॅक्सच्या मानेभोवती फिरायला लागतो तेव्हा बघणारेच घाबरून थांबा म्हणतात.

आणि शेवटी भालाफेक. एक भाला आणि एक फुलांच्या नक्षीचं पातेलं मांडलेलं आहे. उठतात दोघे: मेरिओनीज आणि खुद्द आगामेम्नॉन. ज्यानं पहिल्या सर्गात भर सभेत अकिलीजचं बक्षीस, ब्रिसिइस, हिसकावून घेतलं, तोच सेनापती. तो हरला तर काय? जिंकला तरी काय? अकिलीज भाला फेकूच देत नाही. तू सगळ्यांत श्रेष्ठ आहेस हे आम्ही जाणतो, असं म्हणून तो पातेलं त्याला देतो, आणि तुझी इच्छा असेल तर भाला मेरिओनीजला देऊ, असं विचारतो. आधुनिक नियमपुस्तकात याला जागा नाही. स्पर्धाच झाली नाही, मग बक्षीस कसलं? पण या आठ स्पर्धांत मला हा निवाडा सगळ्यांत खोल वाटतो. कारण हिसकावून घेणाऱ्याला अकिलीज इथं मान देतो, न मागता, सगळ्यांदेखत, आणि कोण मोठा याची परीक्षा घ्यायची वेळच येऊ देत नाही. पहिल्या सर्गात इतका बोलणारा आगामेम्नॉन या वेळी तोंडातून शब्द काढत नाही. तो पातेलं घेतो आणि आपल्या दूताच्या, टॅल्थिबिउसच्या, हातात देतो. पहिल्या सर्गात ब्रिसिइसला आणायला अकिलीजच्या राहुटीवर ज्या दोन दूतांना पाठवलं होतं, त्यांतला एक हाच टॅल्थिबिउस.